ऑपरेटिंग सिस्टीमचा बीटा: कुठून घ्यायचा, कुठे बसवायचा, मागे कसं यायचं

अनुस्वार

नव्या आवृत्तीचा बीटा, म्हणजे अंतिम होण्याआधीची चाचणी आवृत्ती, आला की "घेऊ का?" असं विचारणारे बरेच असतात. "नाही जमलं तर मागे कसं येऊ?" हे मात्र बीटा घेऊन झाल्यावर विचारलं जातं. काही प्रणालींमध्ये मागे यायची वाट फार अरुंद आहे आणि काहींमध्ये ती नाहीच, त्यामुळे हा प्रश्न आधी सुटायला हवा. जमेल तेवढं एका ठिकाणी लिहून ठेवते, जाणकारांनी भर घालावी.

माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकते. मराठीतून संगणक वापरणाऱ्यांपैकी काही जणांनी तरी प्रत्येक बीटा बसवून बघायलाच हवा. नव्या फाँटमध्ये, नव्या कळफलकात, नव्या टर्मिनलमध्ये आपली जोडाक्षरं नीट उमटतात का, हे आपल्यावाचून कोण तपासणार? अंतिम आवृत्ती बाहेर पडल्यावर केलेली तक्रार हजारोंच्या रांगेत जाते. बीटाच्या दिवसांत केली तर ज्याने तो बदल केला तो माणूस अजून त्याच कामावर बसलेला असतो.

पण त्यासाठी रोजच्या कामाचं यंत्र पणाला लावू नका.

सगळ्यात निर्धोक जागा म्हणजे व्हर्च्युअल मशीन, म्हणजे तुमच्या चालू प्रणालीच्या आत चालणारा नकली संगणक. व्हर्च्युअलबॉक्स, विंडोजवर हायपर-व्ही, मॅकवर यूटीएम, कुठलंही चालेल. बीटा बसवून झाला की लगेच स्नॅपशॉट घ्या, म्हणजे काही बिघडलं तर तिथे परत येता येतं. फाँट, टंकलेखन, अनुवाद, सेटिंग्ज हे सगळं इथे तपासून होतं. वायफाय, ग्राफिक्स, बॅटरी, लॅपटॉप मिटून उघडल्यावर जागा होतो की नाही, हे मात्र इथे कळणार नाही, कारण आतल्या प्रणालीला खरं हार्डवेअर दिसतच नाही.

दुसरी जागा म्हणजे पडून असलेला जुना लॅपटॉप. तो नसेल तर यूएसबीने जोडायची वेगळी एसएसडी. यात एक खाच आहे: काही इन्स्टॉलर प्रणाली बाहेरच्या डिस्कवर टाकतात, पण बूटलोडर (प्रणाली सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) मात्र आतल्या डिस्कच्या ईएफआय विभागात, म्हणजे त्यासाठी राखलेल्या जागेत, लिहितात. मग एसएसडी काढली की मूळ प्रणालीही सुरू व्हायला अडखळते. आतली डिस्क काढणं शक्य असेल तर तेवढ्यापुरती काढून ठेवा.

चालू डिस्कचेच तुकडे करून दोन प्रणाली शेजारी ठेवणं मी शेवटचा पर्याय मानते. बीटामध्ये इन्स्टॉलरही बीटाच असतो, ही गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. तुमच्या फोटोंची डिस्क ज्याच्या हाती विभागणीसाठी देणार तोच प्रोग्रॅम अजून तपासणीत आहे! तरीही करायचं असेल तर आधी बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि त्यातल्या दोन-चार फाइली उघडून बघा. विंडोज असेल तर जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करा, फास्ट स्टार्टअप बंद करा आणि बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-कुलुपाची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. सिक्युअर बूट किंवा बूटचा क्रम बदलला की बिटलॉकर ती की मागू शकतो. तेव्हा ती त्याच लॅपटॉपच्या आत असून उपयोग नाही.

आता कुठून घ्यायचा. उत्तर एकच, प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून. उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या आवृत्त्या एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येतात, बीटा साधारण तीन आठवडे आधी. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सचंही वर्षातून दोनदा असतं. काहीतरी वेगळं हवं असेल तर हायकू बघा. बीओएस या जुन्या प्रणालीच्या धर्तीवर बांधलेली ही प्रणाली २०१८ पासून बीटामागून बीटा काढते आहे, पाचवा बीटा सप्टेंबर २०२४ मध्ये आला. जुन्या यंत्रावर ती भरभर चालते.

आयएसओ, म्हणजे प्रणाली बसवायची फाइल, उतरवला की त्याचा शा-२५६ ठसा (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला लांब आकडा) पडताळा. लिनक्सवर शा-२५६-सम (sha256sum), मॅकवर शासम (shasum -a 256), विंडोजवर पॉवरशेलमधला गेट-फाइलहॅश (Get-FileHash). आलेला आकडा संकेतस्थळावरच्या यादीतल्या आकड्याशी जुळला पाहिजे. शिवाय यादीवरची जीपीजी स्वाक्षरी, म्हणजे यादी प्रकल्पानेच दिल्याची डिजिटल सही, हीही तपासा. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि उतरवायचे दुवे मागचं दार (गुपचूप आत शिरायची वाट) ठेवलेल्या आयएसओकडे वळवले गेले. जो पान बदलू शकतो तो पानावरचा आकडाही बदलू शकतो. स्वाक्षरी बदलायला त्याला प्रकल्पाची खासगी किल्ली लागते, आणि ती संकेतस्थळावर ठेवलेली नसते.

पेन ड्राइव्ह बनवायला रुफस किंवा बॅलेना एचर वापरा. ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. मग लाइव्ह सत्रात, म्हणजे डिस्कवर न बसवता पेन ड्राइव्हवरूनच, सुरू करून आधी नुसतंच फिरून बघा. वायफाय, आवाज, पडद्याचा उजळपणा, टचपॅड तिथेच कळतात. तिथे रडलं तर बसवल्यावर हसणार नाही.

---

दिवेलागण

छान धागा, अनुस्वारताई. फोनबद्दलही लिहा ना. माझ्याकडे एकच फोन आहे आणि सेटिंग्जमध्ये बीटाचा पर्याय दिसतोय. मोह होतोय.

---

गवाक्ष

दिवेलागण, एकच फोन असेल तर नको. कारणं सांगतो.

आयफोनवर बीटा घेणं आता फार सोपं झालंय. पूर्वी प्रोफाइल टाकायला लागायची, आयओएस १६.४ पासून सॉफ्टवेअर अपडेटच्या पानावरच बीटा निवडता येतो. पण बीटावर असताना घेतलेला बॅकअप जुन्या स्थिर आवृत्तीवर परत चढत नाही. म्हणजे मागे यायचं तर फोन संगणकाला जोडून पुसायचा आणि बीटाच्या आधीचा बॅकअप चढवायचा. मधल्या दिवसांतलं जे फक्त फोनवर असेल ते गेलं. म्हणून बीटाआधीचा बॅकअप संगणकावर घेऊन तो अर्काइव्ह करून ठेवायचा, नाहीतर पुढचा बॅकअप त्याच्यावरच लिहिला जातो. घड्याळाचा नियम आणखी कडक आहे: ॲपल वॉचवर बीटा चढवला की वापरकर्त्याला मागे येता येत नाही, अंतिम आवृत्तीची वाट बघायची.

अँड्रॉइडच्या बीटा कार्यक्रमात पिक्सेल फोनची नोंद करता येते. मध्येच बाहेर पडलात तर फोन पुसूनच स्थिर आवृत्ती मिळते. न पुसता सुटायची एकच वेळ असते: अंतिम आवृत्ती आली की ती बसवायची आणि पुढच्या फेरीचा बीटा फोनवर यायच्या आत नोंदणी काढायची. ती वेळ हुकली की पुढच्या अंतिम आवृत्तीपर्यंत थांबा.

शिवाय काही बँकांची ॲप बीटावर चालायला नकार देतात. एकमेव फोनवर हे परवडत नाही.

---

दिवेलागण

नको मग. जुना टॅब्लेट आहे, त्यावर चालतं का बघते. धन्यवाद.

---

कळफलक

अडकलोय, मदत हवी. आयएसओचा ठसा जुळत नाही. दोन वेगवेगळ्या मिररवरून (त्याच फाइलींच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरवरून) उतरवला, तरी नाही. गंमत म्हणजे दोन्ही वेळी चुकीचा आकडा एकच आला. फाइलमध्ये कुणी काही घुसवलं असेल का?

---

हलंत

घाबरू नका. फाइल नेमकी किती बाइटची आहे ते सांगा, जीबीत नको. आणि कुठे उतरवताय?

---

कळफलक

४,२९,४९,६७,२९५ बाइट. लॅपटॉपवर जागा नाही म्हणून थेट पेन ड्राइव्हवर उतरवतोय. डाउनलोड मॅनेजर शेवटाकडे येऊन थांबतो, फाइल मात्र दिसते.

---

हलंत

सापडलं. हा आकडा म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. तुमचा पेन ड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेला आहे आणि त्यात याहून मोठी फाइल मावत नाही, ड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी. डेस्कटॉपचे आयएसओ आता ५ जीबीच्या पुढे गेलेत, त्यामुळे प्रत्येक वेळी शेपूट त्याच जागी तुटतं आणि ठसाही तोच चुकीचा येतो.

ड्राइव्ह एक्स-फॅटमध्ये फॉरमॅट करा आणि परत उतरवा. टॉरेंट असेल तर तो घ्या. त्यात प्रत्येक तुकडा आपोआप पडताळला जातो, मध्येच तुटलं तर तिथूनच पुढे सुरू होतं. ठसा मात्र तरीही बघाच.

---

कळफलक

जुळला! अक्षरन् अक्षर जुळला. आता दुसऱ्या ड्राइव्हवर रुफसने टाकतोय.

---

रात्रपाळी

सगळं ठीक आहे, पण अनुस्वार यांच्या मूळ म्हणण्याशी मी सहमत नाही. सर्वसामान्य माणसाला बीटाकडे ढकलू नये. २०२४ चं एक्सझेड प्रकरण आठवा. फाइली दाबून लहान करणाऱ्या त्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांमध्ये मागचं दार घातलं गेलं होतं. स्थिर आवृत्त्यांवर बसलेले लोक जवळजवळ सगळे वाचले. कुणापर्यंत पोचलं? डेबियन लिनक्सच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल, फेडोराची रॉहाइड, अशा चाचणीच्या शाखा वापरणाऱ्यांपर्यंत. म्हणजे जे उत्साहाने पुढे गेले त्यांच्यापर्यंत. स्वयंसेवकाच्या यंत्रावर आधी वार झेलायचा, हे कुणाला सांगताना आपण त्याला तो धोका सांगतो का?

---

अनुस्वार

रात्रपाळी, मुद्दा रास्त आहे आणि धोका सांगायलाच हवा. पण ते प्रकरण उघडकीला कसं आलं तेही बघा. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंते. त्यांच्या डेबियन अनस्टेबलच्या यंत्रावर एसएसएचने (दुरून लॉगिन करायच्या सोयीने) आत शिरायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता. तो अर्धा सेकंद त्यांनी सोडून दिला नाही, खोदत गेले आणि २९ मार्च २०२४ ला जाहीर केलं. अनस्टेबलवर कुणी बसलंच नसतं तर ते स्थिर आवृत्त्यांमध्ये गेलं असतं, आणि मग जगभरच्या सर्व्हरांवर.

त्यानंतर उबुंटूने २४.०४ चा बीटा ४ एप्रिलवरून ११ एप्रिलवर ढकलला आणि एक्सझेडमध्ये तो बदल शिरल्यानंतर बांधलेली सगळी पॅकेजं नव्याने बांधली. अंतिम आवृत्ती मात्र ठरल्या दिवशी, २५ एप्रिललाच आली. तपासणीचा काळ असतो तो याचसाठी.

तुमच्या आक्षेपातून एक नियम मात्र निघतो आणि तो मी मूळ लेखात घालायला हवा: बीटाच्या यंत्रावर आपले खरे पासवर्ड, एसएसएचच्या किल्ल्या, बँक, कामाचं ईमेल यातलं काहीही ठेवायचं नाही. वेगळं खातं काढा. तपासायला तेवढं पुरतं.

---

रात्रपाळी

हा नियम पाळला तर माझा विरोध बराच कमी होतो. पण नवख्याला पहिल्या दिवशी विभाजनाच्या भानगडीत पाडू नका, ही विनंती कायम.

---

अनुस्वार

त्याबद्दल वाद नाहीच. नवख्याने व्हर्च्युअल मशीनच.

---

गवाक्ष

विंडोजचं राहिलं. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, विंडोज इनसायडर प्रोग्रॅम, अशी वाट. मायक्रोसॉफ्ट खातं लागतं आणि निदानाची ऐच्छिक माहिती पाठवायला परवानगी द्यावी लागते. ती द्यायची नसेल तर इथेच थांबा. हा कार्यक्रम २०१४ मध्ये विंडोज १० बरोबर सुरू झाला, २०२० मध्ये रिंग जाऊन चॅनल (बीटा किती कच्चा हवा त्याप्रमाणे गट) आले, २०२३ मध्ये सगळ्यात कच्च्या कॅनरीची भर पडली. कॅनरीमधून बाहेर यायचं तर प्रणाली कोरी बसवावी लागते. डेव्ह चॅनलमध्येही बिल्डचा आकडा स्थिर आवृत्तीच्या पुढे गेला की तीच गत. रिलीज प्रिव्ह्यू सगळ्यात सौम्य. चढवल्यावर नको वाटलं तर मागे जायची सोय साधारण १० दिवस असते. डिस्क साफ करताना जुन्या विंडोजचा फोल्डर उडवलात तर तीही जाते.

बीटाला मुदत असते, हेही लक्षात असू द्या. विंडोज ७ चा बीटा जानेवारी २००९ मध्ये सर्वांसाठी खुला झाला तेव्हा इतकी झुंबड उडाली की सर्व्हर कोलमडले. तो १ ऑगस्ट २००९ ला संपला, पण त्याच्या महिनाभर आधीपासून दर दोन तासांनी यंत्र आपोआप बंद व्हायचं. त्याच बीटात एमपी-३ फाइलींची सुरुवातीची काही सेकंदं कापली जायची, म्हणून दुरुस्ती द्यावी लागली होती. मूळ गाणी बीटाच्या यंत्रावर ठेवायची नाहीत, ती याचसाठी. प्रती ठेवा.

उबुंटू आणि फेडोराचं या बाबतीत बरं आहे. बीटा बसवून नेमाने अपडेट घेत राहिलात की अंतिम आवृत्तीवर आपोआप पोचता, नव्याने बसवावं लागत नाही.

---

हलंत

आता माझ्या आवडीचा भाग. बीटा बसला, पुढे काय तपासायचं?

पहिल्यांदा लॉगिनचा पडदा. इन्स्टॉलरमध्ये मराठी निवडून कळफलक फक्त मराठी ठेवला तर पासवर्ड टाकायची पंचाईत होऊ शकते. डिस्क कूटबद्ध केली असेल तर तो पासवर्ड प्रणाली सुरू व्हायच्याही आधी मागितला जातो, तिथे कळफलक बदलायची सोय असेलच असं नाही. इंग्रजी कळफलक पहिला, मराठी दुसरा. पासवर्ड रोमनमध्ये.

मग मजकूर. मी एक चाचणीची फाइल ठेवली आहे, तीच सगळीकडे उघडतो: दर्या आणि दऱ्या शेजारी शेजारी, तऱ्हा, वाङ्मय, उद्घाटन, ह्रस्व, राष्ट्र, लक्ष्मी, ॲप, ऑगस्ट, कुऱ्हाड. दर्यामध्ये रफार डोक्यावर जायला हवा, दऱ्यामध्ये अर्धा र आडवा यावा. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत आलं, त्यामुळे जुन्या फाँटात त्या जागी चौकोन दिसतो किंवा अ आणि वरचा चंद्र वेगवेगळे पडतात. ल आणि श बघा. काही फाँटांमध्ये मराठी वळणाची अक्षरं आतमध्ये असतात, पण प्रणालीने "हा मजकूर मराठी आहे" असं सांगितलं तरच बाहेर येतात. भाषा मराठी ठेवूनही हिंदी वळण दिसत असेल तर ते कळवण्यासारखं आहे.

कर्सर राष्ट्रवरून उजवीकडे न्या. जोडाक्षराच्या पोटात थांबतो की उडी मारून पुढे जातो? बॅकस्पेसने एक खूण जाते की अख्खं अक्षर? जुन्या आवृत्तीपेक्षा वेगळं वागलं तर टिपून ठेवा.

शोध. दऱ्यातला आडवा र दोन रीतींनी लिहिला जातो: ऱ घेऊन पाय मोडून, किंवा र चा पाय मोडून पुढे शून्य रुंदीचा जोडक घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, शोधाला मात्र वेगळे. एका कळफलकाने नाव दिलेली फाइल दुसऱ्या कळफलकाने शोधून बघा.

फाइलींचा क्रमही बघा. मराठी वर्णमालेत ळ ह नंतर येतो. कोडच्या नुसत्या क्रमाने लावलं तर ल च्या मागोमाग येऊन बसतो.

---

पायवाट

हलंत, तुमची यादी व्हर्च्युअल मशीनमधल्या बीटात चालवली. टर्मिनलमध्ये दऱ्या तुटतोय: द, मग पाय मोडलेला ऱ सुटा, मग या. बाकी सगळीकडे ठीक. हे कळवण्याजोगं आहे का, की टर्मिनलचं असंच असतं?

---

हलंत

टर्मिनलमध्ये प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचं घर असतं, त्यामुळे देवनागरीची ओढाताण नेहमीचीच. म्हणून आधी दोन गोष्टी बघा. तोच फाँट साध्या मजकूर-संपादकात लावून दऱ्या लिहा. तिथेही तुटला तर दोष फाँटाचा, नाही तुटला तर टर्मिनलचा. आणि आधीची स्थिर आवृत्ती दुसऱ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये असेल तर तिथल्या टर्मिनलमध्ये तीच ओळ चिकटवा.

---

पायवाट

संपादकात तोच फाँट, दऱ्या व्यवस्थित. जुन्या आवृत्तीच्या टर्मिनलमध्येही व्यवस्थित!

---

अनुस्वार

मग हे सोन्यासारखं आहे, पायवाट. "पूर्वी चालत होतं, आता मोडलं" ही तक्रार विकसक सगळ्यात गांभीर्याने घेतात, कारण दोन आवृत्त्यांमधल्या बदलांतच कारण सापडणार हे नक्की असतं.

तक्रारीच्या शीर्षकात "मराठी नीट दिसत नाही" असं मोघम लिहू नका. कोणत्या प्रोग्रॅममध्ये, कोणतं जोडाक्षर, कोणत्या आवृत्तीपासून, एवढं शीर्षकातच. खाली बीटाचा नेमका बिल्ड क्रमांक, टर्मिनलची आवृत्ती, फाँटचं नाव. मग करायच्या पायऱ्या. मग जुन्या आणि नव्या टर्मिनलची चित्रं शेजारी शेजारी, कारण वाचणाऱ्याला देवनागरी येत नसेल आणि दोन्हींतलं बरोबर कोणतं हे त्याला सांगावं लागेल. शब्द चित्रातच ठेवू नका, मजकूर म्हणूनही द्या, शक्य तर प्रत्येक खुणेच्या युनिकोड क्रमांकासह, म्हणजे त्याला स्वतःच्या यंत्रावर चिकटवून बघता येईल. इंग्रजी साधं असलं तरी चालतं.

आणि आधी शोधा, कुणी हिंदी किंवा नेपाळीच्या नावाने हेच नोंदवलंय का. असेल तर नवी तक्रार न करता तिथेच भर घाला.

---

गवाक्ष

अनुस्वार यांना दुजोरा. नोंदवलेली तक्रार वर यावी लागते, नाहीतर दडून जाते. ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज १० च्या अपडेटने काही लोकांच्या फाइली पुसल्या, तेव्हा ते अपडेट थांबवावं लागलं. तसे अहवाल इनसायडरवाल्यांकडून फीडबॅक हब या तक्रारींच्या ॲपमध्ये आधीच आलेले होते, पण मतं कमी म्हणून नजरेआड राहिले. त्यानंतर तिथे "हे किती गंभीर आहे" असं लिहायची सोय करण्यात आली. ती सोय असेल तिथे वापरा.

---

पायवाट

शोधलं. नेपाळीत मिळतीजुळती तक्रार होती, पण ती संपादकाबद्दल होती, म्हणून नवी टाकली. दोन्ही चित्रं, क्रमांक, सगळं दिलंय. आत्ताच उत्तर आलं, टर्मिनलची एक सेटिंग बदलून परत बघायला सांगितलंय. बघतो आणि तिथेच लिहितो.

---

कळफलक

माझाही बीटा बसला, जुन्या लॅपटॉपवर, खऱ्या हार्डवेअरवर. पायवाट, तुमच्या तक्रारीचा दुवा द्या. माझ्याकडेही तुटतंय का बघून, तुटत असेल तर माझा बिल्ड क्रमांक तिथे टाकतो.

---

अनुस्वार

जरूर टाका. तुटत नसेल तर तेही टाका, त्यातूनही शोध आटोपशीर होतो. लॅपटॉप मिटून उघडल्यावर वायफाय परत येतं का, तेवढं इथे कळवा. व्हर्च्युअल मशीनवाल्यांना ते तपासता येत नाही.